महामार्गाचे डोळे

वर्ध्यात रात्रीच्या जेवणाची वेळ आणि पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सची वेळ साधारण एकच. गेल्या वीस वर्षांत आमच्या जिल्ह्यातली निम्मी तरुणाई शिकायला, नोकरीला किंवा निदान स्पर्धा परीक्षेच्या नादाने पुण्याच्या वाटेला लागली. त्यामुळे ‘पोचल्यावर फोन कर’ हे वाक्य आमच्याकडे घरोघरी म्हटले जाते. माझ्याही घरी ते म्हटले जाते. ते म्हणणारी आई रात्री नीट झोपत नाही, आणि सकाळी फोन वाजला की मग चहा ठेवते. आता ज्या विषयावर लिहितो आहे तो वरवर पाहता यंत्रांचा, कॅमेऱ्यांचा आणि संगणकांचा आहे; पण त्याचा खरा धागा या न झोपलेल्या आईशी जोडलेला आहे, एवढे आधी सांगून ठेवतो.

समृद्धी महामार्ग आता नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरची माळ पुरी झाली. यातले सुमारे ५८ किलोमीटर वर्धा जिल्ह्यातून जातात. सेलू, वर्धा, आर्वी या तालुक्यांच्या शिवारांतून गेलेल्या या रस्त्यावर चढायला-उतरायला आम्हाला येळाकेळी आणि विरूळ अशी दोन ठिकाणे आहेत. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची परवानगी, दुचाकी आणि तीनचाकीला बंदी, मध्ये कुठे चौक नाही, सिग्नल नाही, आडवी जाणारी बैलगाडी नाही. ज्यांनी जुन्या रस्त्याने पुलगाव, धामणगाव करत खड्डे मोजले आहेत, त्यांना हे सुख काय आहे ते वेगळे सांगायला नको.

पण याच रस्त्याने १ जुलै २०२३ ची पहाट आम्हाला दाखवली. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. पंचवीस माणसे जळून गेली. त्यांत वर्धा जिल्ह्यातली अनेक होती. देह ओळखता येण्याच्या पलीकडे गेल्याने बहुतेकांवर बुलढाण्यातच सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. त्या आठवड्यात वर्ध्याच्या काही गल्ल्यांत जी शांतता होती, तिचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी ती अनुभवली त्यांना त्याची गरज नाही.

त्यानंतर सगळीकडून एक शब्द ऐकू येऊ लागला : ‘इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम’, म्हणजे वाहतुकीवर नजर ठेवणारी बुद्धिमान यंत्रणा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ती जुलै २०२४ पासून काम करते आहे. कमानींवर बसवलेले कॅमेरे वेग मोजतात, नंबरप्लेट वाचतात, सीटबेल्ट लावला आहे की नाही ते पाहतात, मार्गिका कापणारा ट्रक टिपतात. नियमभंगाचे सतरा प्रकार ती ओळखते असे सांगितले गेले. समृद्धीलाही असेच डोळे हवेत, ही मागणी मग ओघानेच आली. मागणी रास्तच आहे. प्रश्न एवढाच की, हे डोळे कोणासाठी उघडे ठेवायचे?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर ही कल्पना जन्मली कुठे आणि कशासाठी, ते पाहावे लागेल. ती जन्मली महानगरांच्या गर्दीत. १९६३ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका द्रुतगती मार्गाच्या चढणीवर एक पोलीस उभा केला गेला. मोटारींचा लोंढा एकदम मुख्य रस्त्यावर घुसला की सगळेच अडकतात. तो थोडा थोडा करून सोडला तर सगळेच लवकर जातात, असा त्यामागचा हिशोब. पुढे त्या पोलिसाच्या जागी दिवा आला, दिव्याला संगणक जोडला गेला. इंग्लंडमध्ये १९९५ साली लंडनभोवतीच्या एम-२५ या वर्तुळमार्गावर गर्दी पाहून वेगमर्यादा बदलणारे फलक लागले. रस्ता भरत आला की फलक ताशी सत्तर मैलांऐवजी साठ किंवा पन्नास दाखवणार. सगळेच थोडे सावकाश चालले की पुढच्याच्या ब्रेकवर मागच्याचा ब्रेक पडत नाही आणि विनाकारण होणारा खोळंबा टळतो. गहू चाळताना चाळणीत एकदम पायली ओतली तर काही पडत नाही, मूठमूठ टाकावी लागते, तसेच हे.

आमचा प्रश्न मात्र नेमका उलटा आहे. समृद्धीवर वर्ध्याच्या टापूत गर्दी होत नाही. रस्ता मोकळा असतो आणि तोच त्याचा धोका आहे. येळाकेळीच्या अलीकडे एका ढाब्यावर भेटलेल्या ट्रकचालकाने मला हे एका वाक्यात सांगितले. ‘रस्ता लय साजरा हाये जी,’ तो म्हणाला, ‘पन वळनच नाही, त् डोया लागते.’ नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनी यालाच महामार्गाचे संमोहन असे नाव देऊन त्याकडे लक्ष वेधले. सरळ, एकसारखा, रिकामा रस्ता तासन्‌तास पाहिला की माणूस उघड्या डोळ्यांनी अर्धवट झोपतो. हात चाकावर असतात, पाय दाबलेला असतो, पण मन जागेवर नसते. समोर थांबलेला ट्रक दिसतो, पण तो थांबलेला आहे हे उमगायला उशीर होतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे तेहतीस मीटर. तीन सेकंदांचा उशीर म्हणजे शंभर मीटर रस्ता न पाहताच मागे टाकणे.

तेव्हा महानगरात ज्या यंत्राचे काम गर्दी विरळ करणे हे आहे, त्याच यंत्राचे काम आमच्याकडे वेगळे होते. इथे त्याने तीन गोष्टी करायच्या आहेत : झोपेत जाणाऱ्याला जागे करायचे, रस्त्यात थांबलेले वाहन सगळ्यांत आधी हेरायचे, आणि अपघात झालाच तर मदत सगळ्यांत आधी पाठवायची. चलान फाडणे ही चौथी गोष्ट. पण आपल्याकडे चौथ्या गोष्टीचे आकडे पहिल्या पानावर येतात आणि पहिल्या तिन्हींचे कोणी विचारत नाही.

दंडाला माझा विरोध नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ समृद्धीवरच भाविकांची मिनीबस एका ट्रकवर मागून आदळली आणि बारा जण गेले. तो ट्रक परिवहन विभागाच्या कर्मचाऱ्यांनी मध्यरात्री रस्त्यावरच थांबवला होता, असा आरोप झाला आणि दोघांवर अटकेची कारवाईही झाली. भरधाव रस्त्यावर हात दाखवून गाडी थांबवण्यापेक्षा कॅमेऱ्याने नंबर टिपून नोटीस घरी पाठवणे शतपट सुरक्षित, यात शंका नाही. यात हात ओला करण्याची सोयही उरत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ऑगस्ट २०२१ मध्ये जे नियम आले, त्यांनी ही वाट मोकळी केली : कॅमेरा असल्याची सूचना रस्त्यावर लावायची, यंत्राला अधिकृत प्रमाणपत्र हवे, आणि गुन्ह्यानंतर पंधरा दिवसांच्या आत नोटीस पोचवायची. नियम चांगले आहेत. पण नोटीस पंधरा दिवसांनी येते आणि झोप त्याच रात्री येते, ही अडचण नियमाने सुटत नाही.

मग सुटते कशाने? आमच्या गावातच याचे उत्तर दीडशे वर्षांपासून रुळावरून धावते आहे. वर्धा हे जंक्शन आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या लोहमार्गांची गाठ इथे पडते. रेल्वेने एक गोष्ट फार लवकर ओळखली की, सुरक्षितता चालकाच्या एकट्याच्या शहाणपणावर सोडायची नसते. एका टप्प्यात गाडी असेपर्यंत मागच्या गाडीला सिग्नल मिळत नाही. म्हणजे रुळावर कुठे गाडी थांबली, तर ते कोणाला तरी ठाऊक असते. इंजिनचालकाने ठरावीक वेळ काहीच हालचाल केली नाही, तर इंजिनातले यंत्र आधी दिवा लावते, मग भोंगा वाजवते, आणि तरीही हात हलला नाही तर ब्रेक लावते. ड्यूटी संपलेल्या चालकासाठी रनिंग रूम असते. तिथे पलंग असतो, गरम जेवण असते. रेल्वेतही अपघात होतात. पण अपघात झाला की पहिला प्रश्न ‘व्यवस्थेत काय चुकले’ हा विचारला जातो. रस्त्यावर मात्र ‘ड्रायव्हरला डुलकी लागली’ एवढ्यावर प्रकरण मिटते. त्याला डुलकी का लागली, तो किती तास चाक धरून होता, आदल्या रात्री कुठे झोपला, हे विचारायला कोणी जात नाही.

वास्तविक कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी सर्वसाधारण मर्यादा होती, मध्ये विश्रांतीही सांगितली होती. अशा मर्यादा पाळल्या जातात की नाही हे तपासणारा डोळा आजवर नव्हता. आता तो मिळू शकतो. समृद्धीवर टोल अंतराप्रमाणे आकारला जातो. म्हणजे गाडी कुठे चढली, कुठे उतरली आणि कधी, याची नोंद फास्टॅगमुळे आपोआप होते. २४० किलोमीटर अंतर बसने ताशी १०० च्या मर्यादेत कापायचे तर दोन तास चोवीस मिनिटे लागलीच पाहिजेत. ती दोन तासांत पोचली असेल, तर वेग मोडला हे सिद्ध करायला कॅमेरासुद्धा नको. पाचवीतले गणित पुरे. आणि तीच बस चार तास कुठेही न थांबता धावली असेल, तर पुढच्या फलकावर तिचा नंबर झळकवून ‘थांबा, चहा घ्या’ असे सांगता येईल. बुद्धिमान यंत्राने एवढी माणुसकी दाखवली तर बिघडले कुठे?

नागपुरात २०२१ साली ‘आयरास्ते’ नावाचा एक प्रकल्प सुरू झाला, त्याची दिशा मला यासाठीच आवडते. शहर बसमध्ये समोर पाहणारे यंत्र बसवले. धडक होण्याची शक्यता दिसली की ते चालकाला तिथल्या तिथे इशारा देते. शिवाय असे इशारे कुठे वारंवार मिळतात त्याची नोंद ठेवून, जिथे अजून कोणी मेलेले नाही पण उद्या मरू शकेल, अशा जागा आधीच शोधायच्या. आपल्याकडे ‘अपघातप्रवण क्षेत्र’ हा फलक लागायला आधी तिथे काही जणांना जीव द्यावा लागतो. हा क्रम उलटा करणे, ही माझ्या मते यंत्राची खरी हुशारी.

मात्र यंत्रावर डोळे मिटून विसंबणेही तितकेच घातक आहे आणि याचा धडा इंग्लंडने स्वतःच्या खर्चाने घेतला आहे. ज्या देशाने वेगमर्यादेचे बदलते फलक आणले, त्यानेच पुढे ‘स्मार्ट मोटरवे’ काढले. जागा वाढवण्यासाठी त्यांनी रस्त्याच्या कडेची मोकळी पट्टी, जिथे बंद पडलेली गाडी उभी करायची, तीसुद्धा वाहतुकीला खुली केली. कॅमेरे आणि रडार बंद गाडी हेरतील आणि त्या मार्गिकेवर लाल फुली दाखवतील, असा भरवसा होता. पण कधी यंत्र उशिरा जागे झाले, कधी मुळात बसवलेच नव्हते. चालत्या मार्गिकेत बंद पडलेल्या गाडीतली माणसे मागून आलेल्या ट्रकखाली गेली. मृतांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सरकारने असे नवे मार्ग बांधणे थांबवले. कॅमेरा हा रुंद कडेला पर्याय नाही, विश्रांतीच्या जागेला पर्याय नाही, आणि गस्तीच्या जीपलाही नाही. तो त्यांच्या जोडीला हवा.

दुसरा धडा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा. तिथे चढणीवरच्या दिव्यांना लोक कंटाळले होते. ‘हे दिवे फुकटचा खोळंबा करतात’ अशी ओरड होती. २००० सालच्या शरद ऋतूत तिथल्या विधिमंडळाने चारशेहून अधिक दिवे सुमारे सहा आठवडे सरळ बंद ठेवायला लावले आणि काय होते ते मोजले. प्रवासाला लागणारा वेळ वाढला आणि अपघात तर सुमारे सव्वीस टक्क्यांनी वाढले. हे आकडे लोकांपुढे ठेवले गेले. दिवे परत लागले, पण ओरडही खरी धरून ताटकळण्याचा वेळ कमी केला गेला. मला यातले दिवे महत्त्वाचे वाटत नाहीत. हिशोब चव्हाट्यावर मांडण्याची रीत महत्त्वाची वाटते. यंत्र बसवणाऱ्याने सांगावे आणि आपण माना डोलवाव्यात, असे तिथे झाले नाही.

वर्ध्यात बसून यंत्राबद्दल लिहायचे आणि गांधीजींना वगळायचे, हे जमणारे नाही. १९३६ साली ते सेवाग्रामला राहायला आले आणि यंत्रविरोधी म्हातारा अशी त्यांची प्रतिमा जगभर झाली. पण १९२४ साली दिल्लीत एका तरुणाने छेडले तेव्हा त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी सिंगरने ते यंत्र घडवले, अशी हकीकत त्यांनी सांगितली. म्हणजे त्यांची कसोटी यंत्र असावे की नसावे ही नव्हती. ते कोणाचे कष्ट, कोणाची भीती हलकी करते, ही होती. ही कसोटी महामार्गावरच्या कॅमेऱ्याला लावून पाहायला काय हरकत आहे?

मी ती अशी लावतो. समजा, रात्री दीड वाजता विरूळच्या पुढे एक गाडी उलटली. कॅमेऱ्याने ते किती सेकंदांत ओळखले? नियंत्रण कक्षात त्या वेळी माणूस जागा होता का? मागून येणाऱ्या वाहनांना फलकावर ‘पुढे अपघात, सावकाश’ हे मराठीत आणि हिंदीत कधी दिसले? रुग्णवाहिका किती मिनिटांत निघाली आणि किती मिनिटांत पोचली? बसचे दार कापायचे कटर तिच्याबरोबर होते का? आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय अशी दोन मोठी रुग्णालये आहेत. इतके भाग्य फार थोड्या जिल्ह्यांना लाभले आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकड न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही आहे. म्हणजे डॉक्टर आहेत, खाटा आहेत, पैशांची तरतूद आहे. राहिली ती मधली मिनिटे. बुद्धिमान यंत्रणेने जिंकायची लढाई या मिनिटांची आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी समृद्धीवर ही यंत्रणा पूर्णपणे चालू होईल, त्या दिवसापासून दर महिन्याला प्रत्येक जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीने चार आकडे जाहीर करावेत : किती अपघात झाले, ते हेरायला सरासरी किती वेळ लागला, मदत पोचायला किती वेळ लागला, आणि किती कॅमेरे बंद होते. चलानाची रक्कम हवी तर पाचव्या ओळीत लिहा. दंडाचा ठरावीक भाग त्याच जिल्ह्यातल्या रुग्णवाहिका, चालकांसाठी झोपायच्या खोल्या आणि येळाकेळी-विरूळसारख्या गावांतल्या तरुणांना प्रथमोपचाराचे शिक्षण यांवर खर्च व्हावा. या गावांनी रस्त्यासाठी जमिनी दिल्या आहेत. अपघाताचा आवाज आधी त्यांच्याच शिवारात ऐकू येतो. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून कायद्याने संरक्षण दिले आहे, हेही त्यांना कोणीतरी घरोघरी जाऊन सांगायला हवे.

आपल्या हातात काय आहे? वाटते त्याहून बरेच. तिकीट काढताना आपण एसी आहे का, स्लीपर आहे का, मोबाइल चार्जिंग आहे का, हे विचारतो. त्याच फोनवर ‘चालक दोन आहेत का?’ हे विचारायला पाच सेकंद लागतात. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर मालक हसेल, शंभरांनी विचारले तर दुसरा चालक नेमेल. बसमध्ये चढल्यावर आपली आणीबाणीची खिडकी कुठे आहे आणि काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का, ते मुलांनाही दाखवावे. सिंदखेडराजाला बस दाराच्या बाजूनेच पडली होती; जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. रस्त्याकडेचा किलोमीटरचा आकडा अधूनमधून पाहायची सवय लावली, तर १०८ किंवा ११२ ला फोन करताना ‘कुठेतरी जंगलात’ असे म्हणायची वेळ येत नाही.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे मन बधिर होते; म्हणून मी तो मनाशी लहान करून पाहतो. वर्ध्याजवळ सेलसुऱ्याला जानेवारी २०२२ मध्ये एका रात्री गाडी पुलावरून कोसळून वैद्यकीय शिक्षण घेणारी सात मुले गेली. त्या रस्त्यावर ना कॅमेरा होता ना बुद्धिमान फलक. आपले बहुतेक रस्ते आजही तसेच आहेत. तेव्हा समृद्धीवर जे शिकू ते जाम, देवळी, कारंजा, तळेगावच्या रस्त्यांपर्यंत पोचायला हवे. नाहीतर हुशारी टोल भरणाऱ्यांपुरतीच राहील.

महामार्गाला डोळे येत आहेत, ते येऊ द्यावेत. पण डोळा हा पाहण्यासाठी असतो, तसा पाणावण्यासाठीही असतो. यंत्राला दुसरे जमत नाही; ते काम ते चालवणाऱ्या माणसांनी करायचे आहे. किती रुपये जमा झाले यावर नव्हे, तर किती घरांत सकाळी वेळेवर फोन वाजला यावर त्या यंत्राचे गुण मोजले गेले पाहिजेत. हा आकडा कोणत्याही संगणकावर उमटत नाही. आपण मात्र तो मागत राहिले पाहिजे.